घड्याळाचे नाव मिळालेले फूल

१/
सकाळी नऊ-दहाच्या सुमारास उमलणारे आणि दुपार कलताना मिटणारे, जमिनीलगत पसरणारे एक ठेंगणे फूलझाड महाराष्ट्रात ‘ऑफिस टाइम’ या नावाने ओळखले जाते. काही जण त्याला चिनी गुलाबही म्हणतात. त्याचे मूळ चीनमध्ये नाही, गुलाबाशी त्याचे नाते नाही आणि ऑफिस नावाची गोष्ट तर त्याच्या जन्मभूमीत कुणाच्या कानीही नव्हती. मग ही नावे आली कुठून? आजचा धागा या प्रश्नासाठी.

२/
या रोपाचे शास्त्रीय नाव पोर्टुलाका ग्रँडिफ्लोरा. पाने सुईसारखी बारीक, पण पाण्याने भरलेली. देठ लालसर आणि मांसल. फुले गुलाबी, जांभळी, पिवळी, नारिंगी, पांढरी. बाल्कनीतल्या फुटक्या बादलीतही ते तग धरते. मात्र सावलीत ठेवले की रुसते आणि रोज पाणी घातले की मरते. त्याच्या या स्वभावाचा उलगडा भूगोलात होतो. नावाचा उलगडा मात्र इतिहासात शोधावा लागतो. आधी भूगोल पाहू.

३/
दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम कडेला अंडीज पर्वताची रांग आहे. तिच्या पूर्व पायथ्याशी अर्जेंटिनाचा मेंडोझा प्रांत वसला आहे. पर्वताच्या आडोशामुळे येथे पाऊस फारच थोडा पडतो. मेंडोझा शहरात वर्षाकाठी सुमारे २०० मिलिमीटर. मुंबईत तोच आकडा दोन हजारांच्या पुढे जातो. वाळूमिश्रित हलकी जमीन, डोक्यावर निरभ्र आकाश आणि दिवसभर कडक ऊन. आपले फूल या प्रदेशात, तसेच उरुग्वे आणि दक्षिण ब्राझीलच्या भागांत रानोमाळ उगवत आले आहे.

४/
१८१७ च्या जानेवारीत याच मेंडोझाहून होसे दे सान मार्तीन याने आपली फौज अंडीजपलीकडे नेली आणि चिलीच्या स्वातंत्र्याचा मार्ग मोकळा केला. स्पेनची सत्ता ओसरू लागताच या प्रदेशाची दारे इतर युरोपीयांना उघडली. व्यापारी आले, खाणींच्या शोधात भांडवलदार आले, आणि त्यांच्या मागोमाग वनस्पती गोळा करणारेही आले. जॉन गिलीज हा स्कॉटिश वैद्य त्यांपैकीच एक.

५/
गिलीज पूर्वी ब्रिटिश नौदलात शल्यवैद्य होता. प्रकृती ढासळल्याने कोरड्या हवेच्या आशेने तो दक्षिण अमेरिकेत आला आणि १८२० च्या दशकात मेंडोझात राहिला. योगायोग असा की, ज्या कोरडेपणावर हे फूल जगत होते, त्याच कोरडेपणाच्या शोधात हा आजारी माणूस तेथे पोचला होता. फावल्या वेळात तो रानातली रोपे वाळवून, बिया बांधून स्कॉटलंडला पाठवी. पुढे मायदेशी परतल्यावर १८३४ मध्ये तो वारला.

६/
त्याची पार्सले ज्यांच्याकडे जात, त्यांपैकी एक होते विल्यम जॅक्सन हूकर. ते त्या वेळी ग्लासगो विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. पुढे १८४१ मध्ये क्यू उद्यानाचे संचालक झाले. ‘कर्टिसेस बोटॅनिकल मॅगझिन’ या सचित्र नियतकालिकाचे संपादनही त्यांच्याकडे होते. १८२९ मध्ये याच नियतकालिकात त्यांनी या रोपाचे वर्णन रंगीत चित्रासह छापले आणि त्याला ‘मोठ्या फुलांची पोर्टुलाका’ अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले.

७/
त्या वर्णनातली नोंद आज बागकाम करणाऱ्यानेही लक्षात ठेवावी अशी आहे. गिलीजला हे रोप हलक्या वाळूच्या जमिनीवर आढळले होते. देसाग्वादेरो नदीच्या पश्चिमेकडे तर ते इतके दाट पसरले होते की सारी जमीन जांभळी दिसत होती, आणि मधूनमधून नारिंगी फुलांचे ठिपके उमटले होते. कुंडी नाही, खत नाही, माळी नाही. तरीही मैलोन्‌मैल फुलांचा गालिचा. माती, ऊन आणि पाणी यांविषयीची सारी माहिती या एका दृश्यात आहे.

८/
येथे एक गोष्ट नोंदवायला हवी. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात ‘शोध’ या शब्दाचा अर्थ मर्यादित असतो. लॅटिन वर्णन छापून आले की शोध लागला. पण मेंडोझाच्या परिसरात वार्पे लोक स्पॅनिशांच्या कितीतरी आधीपासून राहत होते. अंडीजच्या बर्फाचे पाणी कालव्यांनी खेळवून ते शेती करीत. पायाखालचा जांभळा गालिचा त्यांना दिसत नव्हता असे कोण म्हणेल? १८२९ हे या फुलाच्या जन्माचे वर्ष नव्हे. कागदावर चढल्याचे, आणि म्हणून प्रवासाला निघाल्याचे ते वर्ष आहे.

९/
प्रवासाची सोय या रोपाच्या फळातच आहे. त्याचे बोंड म्हणजे झाकणाची इवलीशी डबी. ते पिकले की वरचे झाकण अलगद सुटते आणि आतली पोलादी करड्या रंगाची चमकदार बी उघडी पडते. ‘पोर्टुलाका’ हे नाव लॅटिनमधल्या ‘छोटे दार’ या अर्थाच्या शब्दावरून आले असे मानतात, ते या झाकणामुळेच. बी धुळीसारखी बारीक असते. एका ग्रॅममध्ये हजारो मावतात.

१०/
याचे महत्त्व समजण्यासाठी तो काळ डोळ्यांपुढे आणावा लागेल. जिवंत रोपे महिनोन्‌महिने जहाजावरून नेणे हे तेव्हा मोठे संकट होते. खारे वारे आणि गोड्या पाण्याचा तुटवडा यांमुळे बहुतेक रोपे वाटेतच मरत. लंडनच्या नॅथॅनियल वॉर्ड या डॉक्टरला १८२९ च्या सुमारास बंद काचपेटीत रोप जगते असे आढळले, आणि १८३३ मध्ये अशा पेट्या सिडनीला रवाना झाल्या. चहा, रबर यांच्या स्थलांतरात पुढे या पेट्यांनी मोठी कामगिरी केली. आपल्या फुलाला मात्र काचपेटीची गरज नव्हती. कागदाची एक पुडी त्याला पुरेशी होती.

११/
इंग्लंडच्या बागांना या काळात ठेंगण्या, भडक रंगांच्या फुलझाडांची ओढ लागली होती. हिरवळीत नक्षीदार वाफे काढायचे, त्यांत एकाच उंचीची रोपे लावायची आणि हंगाम सरला की उपटून टाकायची, अशी ती व्हिक्टोरियन रीत. कडाक्याच्या थंडीत हे रोप जगत नाही. म्हणून तेथे ते दहिवर संपल्यावर लावायचे आणि एका उन्हाळ्यात संपवायचे ‘वार्षिक’ फूल ठरले. बियाण्याच्या पुडीवरच्या बहुतेक सूचना आजही या थंड देशांच्या सवयीतून आलेल्या असतात.

१२/
आपल्याकडचे गणित वेगळे आहे, कारण याचे सगेसोयरे आपल्या शेतांत आधीपासून आहेत. घोळाची भाजी आपण खातो, ती पोर्टुलाका ओलेरासिया. विदर्भातली चिवळ म्हणजे पोर्टुलाका क्वाड्रिफिडा. पाने जरा निरखून पाहिली, तर घोळ, चिवळ आणि ऑफिस टाइम यांच्यातले घराण्याचे साम्य लगेच ध्यानात येते. ज्याला शेतकरी तण म्हणून उपटतो आणि गृहिणी डाळीत घालते, त्याच कुळातले हे शोभेचे फूल.

१३/
या कुळाची एक करामत विज्ञानालाही अलीकडे नीट उमगली. मका-ऊस वापरतात ती उन्हातली वेगवान प्रकाशसंश्लेषणाची पद्धत घोळ वापरते. आणि पाणी तुटले की निवडुंगासारखी रात्री हवा घेऊन दिवसा दारे मिटण्याची पद्धतही वापरते. या दोन्ही पद्धती एकाच पानाच्या त्याच पेशींत एकत्र चालतात, हे येल विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवले. रात्री साठलेल्या आम्लामुळे कोरड्या दिवसांतली घोळ पहाटे खुडली तर अधिक आंबट लागते. ऑफिस टाइमची मांसल पाने याच घराण्याचा वारसा आहेत. पाण्याची साठवण ते स्वतः करते. आपण त्याच्या मुळांशी चिखल करायची गरज नाही.

१४/
आता नावाकडे वळू. हिंदी पट्ट्यात हेच फूल ‘नौ बजिया’. व्हिएतनाममध्ये त्याच्या नावाचा अर्थ ‘दहाचे फूल’. ब्राझीलमध्ये ‘अकरा वाजताचे’. थायलंडमध्ये तर त्याला ‘उशिरा उठणाऱ्या बाईसाहेब’ म्हणतात! जगाच्या इतक्या कोपऱ्यांत लोकांनी एकाच फुलाला घड्याळावरून नाव ठेवले, आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा आला. चूक कुणाचीच नाही. हे फूल प्रकाश आणि ऊब दोन्ही पुरेशी मिळाल्यावर उमलते. ती वेळ गावागणिक, ऋतूगणिक बदलते. ढगाळ दिवशी तर ते डोळेच उघडत नाही.

१५/
फुलांवरून वेळ सांगण्याची कल्पना या फुलाच्या नामकरणाहून जुनी आहे. कार्ल लिनियस याने १७५१ च्या ‘फिलॉसॉफिया बोटानिका’ या ग्रंथात फुलांच्या घड्याळाची मांडणी केली होती. कोणते फूल किती वाजता उघडते आणि केव्हा मिटते याची ती यादी. त्याने फुलांचे तीन वर्ग केले: हवामान पाहून वेळ बदलणारी, दिवसाच्या लांबीप्रमाणे बदलणारी, आणि ठरल्या वेळी उमलणारी. आपले फूल पहिल्या वर्गाच्या स्वभावाचे. ते घड्याळ नव्हे. ते आकाशाचे प्रतिबिंब आहे.

१६/
आता ‘नऊ’ आणि ‘दहा’ हे शब्द पाहा. आपल्या जुन्या कालगणनेत दिवस सूर्योदयापासून घटकांनी मोजत. एक घटका २४ मिनिटांची, अहोरात्राच्या घटका साठ. त्या हिशेबाने हे फूल ‘दिवस आठ-दहा घटका वर आला की’ उमलते असे म्हणता आले असते. पण तसे नाव पडले नाही. जपानमध्ये हे रोप एदो काळाच्या अखेरीस पोचले. तेथे तेव्हा ऋतूप्रमाणे लांब-आखूड होणारे तास चालत. ठरावीक लांबीचे तास १८७३ मध्ये आले. जपानी नाव घड्याळावरून नाही. त्याचा अर्थ ‘पाइनच्या पानांची पिओनी’. नावात आकडा येण्यासाठी आधी दिवाणखान्यात घड्याळ यावे लागते.

१७/
आणि ‘ऑफिस टाइम’ या नावासाठी तर घड्याळाबरोबर कचेरीही यावी लागते. सकाळी जेवून, डबा घेऊन, ठरल्या ठोक्याला हजर होणारा नोकरदार वर्ग निर्माण व्हावा लागतो. म्हणजे हे नाव वसाहतकालीन आणि त्यानंतरच्या शहरी जीवनाचा एक छोटासा दस्तऐवजच आहे. मात्र ‘दहा वाजले’ असे ठरवायचे कुणी, यावर एके काळी मुंबईत मोठा वाद पेटला होता.

१८/
एकोणिसाव्या शतकात प्रत्येक शहराची वेळ त्याच्या डोक्यावरच्या सूर्याने ठरे. रेल्वेने कारभार सोपा व्हावा म्हणून मद्रासची वेळ स्वीकारली. मुंबईची वेळ तिच्यामागे सुमारे अर्ध्या तासाने होती. गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी १८८१ मध्ये मद्रास वेळ मुंबईवर लादण्याचा प्रयत्न केला. शहराने ती मनापासून कधीच स्वीकारली नाही, आणि सरकारला माघार घ्यावी लागली.

१९/
१ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. ती ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर आधारलेली आहे. मुंबई आहे ७३ अंशांच्या किंचित अलीकडे. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने फरक पडला ३९ मिनिटांचा. घड्याळ पुढे गेले, सूर्य जागच्या जागी राहिला. गिरणीचा भोंगा नव्या घड्याळाप्रमाणे वाजू लागला तर कामगाराला सूर्याच्या हिशेबाने ३९ मिनिटे आधी, अंधारात उठावे लागणार होते. विजेच्या दिव्यांनी गिरण्यांचे तास आधीच लांबवले होते. त्याच जानेवारीत गिरणी कामगारांचा संताप उफाळून आला.

२०/
तो कामगार घड्याळाचा शत्रू नव्हता. आपल्या दिवसाची सुरुवात आपल्याला न विचारता कुणी सरकवावी, हा त्याचा प्रश्न होता. कापड गिरण्यांत प्रौढ पुरुषांच्या कामाला बारा तासांची कायदेशीर मर्यादा आली ती १९११ च्या कारखाना कायद्याने. अशा दिवसातली पहाटेची ३९ मिनिटे ही किरकोळ गोष्ट नव्हती. ती झोप होती. मुंबई महापालिकेने आपली जुनी ‘बॉम्बे टाइम’ चालूच ठेवली, आणि १९५५ पर्यंत शहरात दोन वेळा नांदत राहिल्या.

२१/
या सगळ्या वादात आपल्या फुलाची बाजू कोणती? अर्थातच सूर्याची. प्रमाणवेळेचा आदेश त्याला लागू झाला नाही. नागपूर मुंबईच्या पूर्वेला सहा अंशांहून थोडे अधिक आहे. म्हणून तेथे सूर्य सुमारे २५ मिनिटे आधी वर येतो. हवा सारखी असेल तर नागपूरच्या गच्चीवरचे ऑफिस टाइम मुंबईच्या गच्चीवरच्या रोपाआधी तेवढा वेळ उमलेल. दोन्ही गावांतली भिंतीवरची घड्याळे एकच आकडा दाखवतील. रद्द झालेली स्थानिक वेळ या पाकळ्यांनी अजून सोडलेली नाही.

२२/
हे समजले की त्याची निगा पाठ करावी लागत नाही. मेंडोझा आठवायचे. दिवसाचे किमान सहा तास थेट ऊन हवे. पूर्वेच्या बाल्कनीत फुले सकाळीच उमलतील. पश्चिमेच्या बाल्कनीत ‘ऑफिस’ दुपारी उघडेल. मातीत निम्म्यापर्यंत जाड वाळू मिसळावी. कुंडी उथळ चालते, पण तळाचे भोक मोकळे हवे. माती वरून पूर्ण सुकल्यावरच पाणी द्यावे. शेणखत भरपूर घातले तर पाने माजतात आणि फुले रुसतात.

२३/
बी पेरायची असल्यास मातीवर नुसती भुरभुरावी, पुरू नये. उगवायला तिला प्रकाश लागतो. ऊब असेल तर साधारण एक ते दोन आठवड्यांत कोंब दिसतात. आपल्याकडे सोपा मार्ग म्हणजे फांदी खोचणे. बोटभर लांबीची निरोगी फांदी तोडून खालची पाने काढावी, चीर सुकू द्यावी आणि ओलसर वाळूत खोचावी. थंडी सरताच, फेब्रुवारी-मार्चमध्ये हे काम केले तर सारा उन्हाळा बहर मिळतो. देठ लांबून विरळ झाले की निर्दयपणे छाटावे. छाटलेल्या प्रत्येक तुकड्याचे नवे रोप होते.

२४/
खरा शत्रू आपला पावसाळा. २०० मिलिमीटरच्या प्रदेशातल्या रोपावर कोकण-मुंबईचा आषाढ कोसळला की देठ कुजतात. कुंडी पागोळीखालून हलवावी, उजेड मात्र तोडू नये. चार फांद्या वेगळ्या कुंडीत आडोशाला जपून ठेवाव्या. गणपतीनंतर ऊन परतले की त्याच वंश पुढे नेतात. आणखी एक सूचना: रोपवाटिकांत रुंद, चपट्या पानांचे असेच फूलझाड मिळते. ते बहुधा पोर्टुलाका अंब्रॅटिकोला या भावंडापासून केलेले वाण असते. निगा दोघांची एकच.

२५/
फूल उमललेले असताना मधल्या पुंकेसरांना काडीने हळूच स्पर्श करून पाहा. ते हलतात. कीटक येऊन बसला की परागकण त्याच्या अंगाला लागावेत, यासाठी ती हालचाल उपयोगी पडत असावी. अनेक पाकळ्यांच्या वाणांत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. त्यामुळे मधमाश्यांना हवी असतील तर साध्या पाच पाकळ्यांची फुले लावणे चांगले. मेंडोझाच्या वाळूत गिलीजला भेटली होती, ती याच रूपाची.

२६/
मित्रहो, इतिहासाची साधने केवळ दफ्तरखान्यात असतात असे नाही. एका रोपाच्या मांसल पानात एक कोरडा प्रदेश साठवलेला असतो, आणि त्याच्या बोलीनावात एका शहराची दिनचर्या. ज्यांनी या फुलाला ‘ऑफिस टाइम’ म्हटले, त्यांनी नकळत आपल्या आयुष्याचे वेळापत्रक नोंदवून ठेवले. ते वेळापत्रक कसे घडले आणि त्यासाठी कुणाची झोप खर्ची पडली, हे विचारणे आपले काम.

२७/
या रविवारी एक प्रयोग करू. आपल्या दारच्या ऑफिस टाइमचे पहिले फूल पूर्ण उमलले की घड्याळ पाहा. गावाचे नाव, वेळ, आकाश स्वच्छ की ढगाळ, आणि कुंडीवर ऊन किती वाजता आले, एवढे उत्तरात लिहा. तुमच्याकडे या फुलाला वेगळे नाव असेल तर तेही लिहा. सावंतवाडीपासून गडचिरोलीपर्यंतच्या नोंदी एकत्र आल्या, की सूर्याच्या हिशेबाने महाराष्ट्रात एकाच क्षणी किती वेगवेगळ्या वेळा चालू असतात, ते आपल्यालाच दिसेल.